रक्त थांबेना, तेव्हा कोण धावलं?

आम्ही कोलशेतहून बोलतोय, ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या महिला गटातून. कोलशेत म्हटलं की आता लोकांना उंच इमारतीच दिसतात, पण मधल्या जुन्या आळ्या अजून आहेत. आगरी-कोळ्यांची घरं आहेत, आणि गणपती विसर्जनाला सगळं ठाणं लोटतं तो घाटही आमचाच. आज सांगायची गोष्ट अशाच एका आळीतली आहे. पण तिचा धागा ओढत गेलो तर तो दिल्लीला गेला, कॅनडाला गेला आणि इंग्लंडच्या राणीपर्यंत जाऊन पोचला. म्हणून म्हटलं, आज इतिहासच सांगावा.

आमच्या आळीत एक मुलगा आहे. नाव सांगणार नाही. रांगायला लागला तेव्हापासून त्याच्या गुडघ्यावर, छातीवर निळे डाग उठायचे. उचलून घेतलं तरी काखेत बोटांचे वळ दिसायचे. कुणी म्हणालं ढेकूण चावले, कुणी म्हणालं आई हात उगारते. हे दुसरं आमच्यातलीच एक म्हणाली होती, लपवून काय करायचं? चार वर्षांचा असताना तो अंगणात पडला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. आम्ही सगळ्यांनी मिळून सल्ला दिला, मिठाचा शेक द्या, तेल लावून चोळा. चोळलं. सूज वाढली. मग हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेतला. पोर रात्रभर किंचाळत होतं. एका दवाखान्यात ताप म्हणून कमरेवर इंजेक्शन दिलं, तिथे लिंबाएवढी गाठ आली. शेवटी दुधाचा दात पडला आणि दोन दिवस उशी लाल होत राहिली, तेव्हा कुठे त्याला ठाण्याच्या सिव्हिलला नेलं. तपासण्या झाल्या आणि एक शब्द कळला, हिमोफिलिया.

आपल्याला जखम झाली की रक्त थोडा वेळ वाहतं आणि गोठतं. ते गोठण्यासाठी रक्तात वेगवेगळी प्रथिनं असतात, एकामागून एक कामाला लागणारी. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि आकड्यांनी ओळखतात. आठव्या क्रमांकाचा फॅक्टर कमी असला तर तो हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर बी. ए प्रकार जन्मणाऱ्या साधारण ५,००० मुलग्यांत एकाला असतो, बी त्याहून कितीतरी विरळ. फॅक्टर १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर रोग तीव्र समजतात. लोकांना वाटतं, अशा माणसाला सुई टोचली तरी धो धो रक्त वाहून तो जातो. तसं नसतं. रक्त जोरात वाहत नाही, थांबायला फार वेळ लागतो. आणि खरा घात बाहेरच्या जखमेने होत नाही, आतल्या आत होतो. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यात रक्त साचतं, पुन्हा पुन्हा साचतं आणि सांधा झिजून आखडतो. डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं. शेक आणि मालीश का नको, ते आता लक्षात आलं असेल. उष्णतेने रक्त अधिक सुटतं. तिथे हवा कापडात गुंडाळलेला बर्फ, पूर्ण आराम, हलका दाब आणि पाय उंच ठेवणं. आणि मुख्य म्हणजे लवकरात लवकर फॅक्टरचं इंजेक्शन शिरेतून.

ही माहिती आम्हाला कुणी पुस्तकातून दिली नाही. सिव्हिलच्या बाकावर त्या मुलाच्या आईशेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांनी दिली. त्यांचा स्वतःचा मुलगा पंचविशीचा, काठी घेऊन चालणारा. त्या ना डॉक्टर, ना नर्स, ना पगारी माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "घरात तुलाच दोष देतात ना गं?" ती तिथेच रडायला लागली. पुढच्या आठवड्यात त्या बसने कोलशेतला आल्या आणि आमच्या गटात येऊन बसल्या. असं स्वतः भोगलेल्या माणसाने दुसऱ्याला हात देणं कधी सुरू झालं, ते आम्ही त्यांना विचारलं, मग इतर ठिकाणीही विचारत गेलो.

रोग जुना आहे. ज्यू लोकांत मुलग्यांची सुंता करतात. त्यांच्या दुसऱ्या शतकातल्या धर्मनियमांत असं सांगितलेलं आहे की एका आईची दोन मुलं सुंतेत रक्त जाऊन दगावली असतील तर पुढच्या मुलाची सुंता करू नये. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीच कुणीतरी बायकांचं रडणं ऐकून, मोजून, नियम केला होता. १८०३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन ऑटो यांनी एका घराण्याची हकीकत छापली. रक्तस्राव पुरुषांना होतो आणि तो बायकांकडून पुढच्या पिढीत जातो, असं त्यांनी लिहिलं. हिमोफिलिया हे नाव १८२८ मध्ये लिहिलेल्या एका प्रबंधात आलं.

मग आली राणी व्हिक्टोरिया. तिचा धाकटा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये तिशीत गेला, पडून डोक्याला मार लागल्यावर. तिच्या लेकी-नातींमधून हा रोग स्पेन आणि रशियाच्या राजघराण्यांत पोचला. रशियाच्या झारचा एकुलता मुलगा अलेक्सी याच दुखण्याने तळमळायचा. २००९ मध्ये त्याच्या अस्थींची तपासणी झाली तेव्हा तो बी प्रकारचा हिमोफिलिया होता हे सिद्ध झालं. याला राजघराण्यांचा रोग म्हणतात. आम्हाला हे नाव मुळीच आवडत नाही. राजांचा रोग म्हटल्यावर खाडीकाठच्या पोराला तो असेल असं कुणाच्या मनात येणार? रोग जातपात, पैसा काही बघत नाही. राजवाड्यातल्या मुलांची नोंद झाली आणि आपल्याकडची मुलं "रक्त जाऊन गेलं" एवढ्या वाक्यात संपली, इतकाच फरक. त्या मुलाच्या आईचा एक भाऊ लहानपणीच गेला होता, पायाला कोयता लागून. सगळे म्हणायचे, जखम मोठी होती. आता ती म्हणते, जखम एवढीशीच होती.

औषधाची गोष्ट थोडक्यात सांगतो. आधी फक्त रक्त चढवणं हाच उपाय होता. मग रक्तातून तांबड्या पेशी काढून उरणारा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा चढवू लागले. पण त्यात फॅक्टर इतका थोडा की पुरेसा मिळायला बाटल्यांवर बाटल्या लागायच्या. १९६४ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ पूल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला तर तळाशी जो साका उरतो, त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. त्याला क्रायो म्हणतात. साध्या रक्तपेढीतही तो करता येतो, आणि आपल्या देशातल्या कितीतरी मुलांनी या क्रायोवरच दिवस काढले. नवव्या फॅक्टरसाठी मात्र तो उपयोगी नाही. सत्तरच्या दशकात फॅक्टरची कोरडी पावडर आली. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, पाण्यात मिसळायची आणि घरच्या घरी शिरेतून द्यायची. मुलं शाळेत जाऊ लागली, माणसं नोकरी करू लागली.

पण ही पावडर हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायची. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला तरी सगळी खेप नासायची. ऐंशीच्या दशकात तेच झालं. जे औषध जीव वाचवत होतं, त्यातूनच एचआयव्ही अंगात गेला. अमेरिकेतल्या हिमोफिलियाच्या जवळपास निम्म्या लोकांना लागण झाली. रायन व्हाइट नावाचा मुलगा, वय वर्षं तेरा, त्याला शाळेत येऊ दिलं नाही. तो १९९० मध्ये गेला. पावडर विषाणूमुक्त करण्याच्या रीती निघाल्या, आणि १९९२ मध्ये माणसाच्या रक्तापासून न बनवलेला, प्रयोगशाळेत तयार केलेला फॅक्टर आला. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. आपल्या गावात रक्तदान शिबिर होतं तेव्हा हे आठवायला हवं. बिनपैशाचं, स्वेच्छेचं रक्त हीच सगळ्यात सुरक्षित बाटली, हे या रुग्णांनी जीव देऊन शिकवलं आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कॅनडाच्या माँट्रियलमध्ये फ्रँक श्नाबेल नावाचा एक व्यावसायिक होता. जन्म १७ एप्रिल १९२६ चा, स्वतः तीव्र हिमोफिलियाचा रुग्ण. त्याने १९५३ मध्ये आपल्या देशातल्या रुग्णांची संस्था उभी केली. मग १९६३ मध्ये कोपनहेगनला वेगवेगळ्या देशांतले रुग्ण आणि डॉक्टर एकत्र बोलावून जागतिक हिमोफिलिया महासंघ सुरू केला. आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. संस्था डॉक्टरांनी काढून रुग्णांना सभासद केलं नाही, रुग्णाने काढली आणि डॉक्टरांना सोबत घेतलं. पुढे श्नाबेललाही त्या दूषित औषधातून एड्स झाला आणि तो १९८७ मध्ये गेला. १९८९ पासून त्याच्या वाढदिवशी, १७ एप्रिलला, जगभर हिमोफिलिया दिन पाळतात.

आपल्या देशात हेच काम अशोक बहादूर वर्मा यांनी केलं. तेही स्वतः तीव्र हिमोफिलियाचे रुग्ण. १९८३ मध्ये दिल्लीत त्यांनी हिमोफिलिया फेडरेशन सुरू केलं. तेव्हा फॅक्टर म्हणजे परदेशातून येणारं महागडं औषध, सरकारी दवाखान्यात मिळण्याची गोष्टच नव्हती. फेडरेशनने एकत्रितपणे फॅक्टर मागवायचा आणि शाखांमार्फत कमी किमतीत रुग्णांपर्यंत पोचवायचा, असं सुरू केलं. आपण बायका बचत गटात एकत्र होऊन घाऊक भावात माल आणतो ना, तेच हे, फक्त इथे मालाच्या जागी पोराचा गुडघा होता. हळूहळू राज्याराज्यांत शाखा निघाल्या. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी. या शाखा बहुतेक रुग्ण आणि त्यांचे आईवडील चालवतात. फोन उचलायचा, कुणाकडे फॅक्टर शिल्लक आहे ते बघायचं, नव्या घरी जाऊन बर्फ कसा लावायचा ते दाखवायचं, शाळेच्या बाईंना समजावून सांगायचं, आईला शिरेत सुई घालायला शिकवायचं. यातल्या कितीतरी आया चौथी-पाचवी शिकलेल्या. पण पोराची शीर त्यांना अंधारातही सापडते.

औषध परवडत नव्हतं, तेव्हा हे स्वयंसेवक नुसते वाटप करत बसले नाहीत, त्यांनी सरकारचं दारही धरून ठेवलं. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे ठाणे, नाशिक, सातारा आणि अमरावती इथल्या सरकारी रुग्णालयांत हिमोफिलियासाठी दिवसभराची उपचार केंद्रं सुरू केली. सकाळी या, फॅक्टर घ्या, व्यायाम शिका, संध्याकाळी घरी जा. आमच्या कोलशेतचा मुलगा जिथे पोचला ते हेच ठाण्याचं. पालघर, शहापूर, मुरबाडकडच्या बायका तिथे पोरांना कडेवर घेऊन येतात. त्या बाकावर जे बोलणं होतं ते अर्धं औषधच आहे, असं आम्ही स्वतः दोनदा तिथे बसून आल्यावर म्हणतो. एकीच्या डब्यातली भाकरी दुसरीच्या पोराच्या तोंडात असते.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांचा अभ्यास करणारी आयसीएमआरची संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगटांची तपासणी करणारं केंद्र म्हणून सुरू झाली. त्याआधी पाच वर्षं, १९५२ मध्ये, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच तो दुर्मीळ बॉम्बे रक्तगट शोधला होता. आज या संस्थेत घरातल्या बाईच्या रक्ताची तपासणी करून ती वाहक आहे का, ते सांगतात.

वाहक हा शब्द जरा समजून घेऊ या, कारण सगळ्या भांडणाची मुळी तिथेच आहे. मुलगी आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन एक्स गुणसूत्रांचे धागे घेऊन जन्मते. मुलाला एक्स एकच मिळतो, तोही आईकडून. हा दोष एक्सवर असतो. आईच्या दोनपैकी एका एक्सवर दोष असेल तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. बाप रुग्ण असेल तर त्याच्या मुलग्यांना रोग त्याच्याकडून येत नाही, पण मुली सगळ्या वाहक होतात. म्हणजे सासू म्हणाली "तुझ्या माहेरचं रक्त", तर शास्त्राच्या दृष्टीने ती पुष्कळदा चूक नसते. म्हणूनच तो घाव जास्त खोल जातो. पण दोष येणं आणि दोषी असणं यात अंतर आहे. तो धागा बाईने निवडलेला नसतो. शिवाय सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा रोग नसतो, बदल नव्यानेच घडतो. आमच्या आळीतल्या आईला सहा महिने माहेरी पाठवून दिलं होतं. तिला परत आणायला आम्ही गेलो नव्हतो. त्या काठीवाल्या मुलाच्या आई सासूशी बोलल्या, एकदा नाही, चारदा. आम्ही शेजारी असून गप्प होतो, आणि ही गोष्ट आम्हाला आजही खाते.

आणखी एक गोष्ट बायकांसाठी. कितीतरी वर्षं डॉक्टरही म्हणत आले की वाहक बाईला काही होत नाही. पण वाहक बाईचाही फॅक्टर कमी असू शकतो. पाळीत अंगावरून फार जातं, सात-आठ दिवस थांबत नाही, दात काढल्यावर किंवा बाळंतपणानंतर रक्त आवरत नाही. आपण म्हणतो, आमच्या घरात बायकांना असंच जातं. २०२१ मध्ये जगातल्या रक्तविकार तज्ज्ञांनी ठरवलं की फॅक्टर कमी असलेल्या बाईला नुसती वाहक म्हणायचं नाही, तिला हिमोफिलियाची रुग्ण म्हणायचं. २०२५ च्या हिमोफिलिया दिनाचा विषयच होता, बायका-मुलींनाही रक्तस्राव होतो. फेडरेशनमध्ये बायकांचा वेगळा गट आहे, आणि त्यात फक्त रुग्णांच्या आया नाहीत, स्वतः रुग्ण असलेल्या बायकाही आहेत.

कायद्यातही लढून जागा मिळाली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात हिमोफिलिया नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे तिन्ही रक्तविकार आत आले. दिव्यांग प्रमाणपत्र निघतं. पण सरकारी नोकरीतल्या राखीव जागांत हे तीन विकार धरलेले नाहीत. त्याबद्दल संघटना अजून भांडते आहे. आमचं मत विचाराल तर ती योग्यच भांडते. सांधे आखडलेल्या माणसाने काय दगड फोडायचे का?

पुढे काय आहे? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ए प्रकारच्या पाच रुग्णांवर जनुक उपचार केले आणि त्यांचे रक्तस्राव थांबले, असं २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं. पाच म्हणजे पाचच, गावापर्यंत यायला वेळ लागेल. कातडीखाली देता येईल असं नवं इंजेक्शनही निघालं आहे, पण ते महाग आहे.

तोवर तुमच्या गावात असं मूल दिसलं तर काय करायचं, ते बाईंनी आम्हाला सांगितलं तसंच सांगतो. अंगावर कारण नसताना निळे डाग, सुजलेला सांधा, दात पडल्यावर किंवा जिभेला चावल्यावर न थांबणारं रक्त, मामा किंवा मावसभाऊ लहानपणी रक्त जाऊन गेल्याची आठवण, यातलं काही असलं की आशाताईंना सांगा आणि जिल्हा रुग्णालयात रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. तोवर कमरेत-दंडात इंजेक्शन नको, ॲस्पिरिन नको, हाडवैद्य नको. लसी चुकवायच्या नाहीत, पण आधी सांगायचं म्हणजे बारीक सुई वापरतील, आणि नंतर त्या जागी दहा मिनिटं दाबून धरायचं. गर्भातल्या बाळाची तपासणी करण्याबद्दल विचाराल तर गर्भलिंग तपासणीच्या कायद्यात आनुवंशिक रोगांसाठी परवानगी आहे, पण ती फक्त नोंदणीकृत केंद्रात आणि त्याच कारणासाठी.

आमच्या आळीतला मुलगा आता दुसरीत जातो. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, पण कॅरममध्ये तो आमच्या मोठ्या पोरांना हरवतो. त्याच्या आईने सुई घालायला शिकून घेतलं. मागच्या महिन्यात तिला सिव्हिलमधून फोन आला, मुरबाडकडची एक नवी बाई आली आहे, रडते आहे, कुणाशी बोलत नाही. ती सकाळची बस पकडून गेली. त्या दिवशी तिचं घर आमच्यातल्या दोघींनी सांभाळलं.

तिला एक मुलगीही आहे, मोठी, चौदा वर्षांची. पाळीत तिला फार जातं. परळला तिची तपासणी करून घ्यायची आहे. आजी अजून नको म्हणते, मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून. या बुधवारी आम्ही तिघी आजीशी बोलायला जाणार आहोत.